जुन्या मॅसीची हातरेस आणि रामटेकडीतले लेथचे काम

हडपसरच्या रामटेकडी औद्योगिक वसाहतीत, एका आतल्या गल्लीत, दोन लेथ (धातू फिरवून कातायची यंत्रे), एक उभे ड्रिल आणि एक जुने शेपर एवढ्या सामग्रीवर चालणारे एक वर्कशॉप आहे. दारावर पाटी नाही आणि छापील कार्डही नाही. तिथे जाणारी माणसे एकमेकांना सांगून जातात, मलाही आमच्या भागातल्या एका ट्रॅक्टर मिस्त्रींनीच पाठवले. आमच्या जुन्या मॅसी फर्ग्युसन १०३५ ची झिजलेली हातरेस, म्हणजे इंजिनाचा वेग हाताने लावून ठेवायचा दांडा आणि त्याची जोडणी, मी तिथून दुरुस्त करून आणली. काम उत्तम झाले आहे. परंतु ते ज्या क्रमाने आणि ज्या काळजीने झाले, ती पद्धत जुना ट्रॅक्टर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडण्यासारखी असल्यामुळे हा अभिप्राय थोडा सविस्तर लिहीत आहे.

तक्रार साधी होती. स्टिअरिंगच्या खाली उजव्या हाताला असलेला रेसचा दांडा ओढून ठेवला की तो तिथे थांबत नसे. इंजिनाच्या थरथरीने तो हळूहळू मागे सरके आणि इंजिनाचे फेरे उतरत जात. शिवाय दांडा बोटाने डावी-उजवीकडे हलवला तर बरेच अंतर नुसताच हलायचा आणि खाली डिझेल पंपाच्या आर्मपर्यंत काहीच पोहोचायचे नाही. वयाच्या मानाने ही झीज साहजिक म्हणावी लागेल, कारण हा भाग दिवसभर कंप सोसतो, उघड्यावर धूळ खातो आणि ट्रॅक्टरच्या सर्व्हिसिंगमध्ये त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

ज्यांचा ट्रॅक्टर मुख्यतः वाहतुकीसाठी चालतो, त्यांना हे दुखणे किरकोळ वाटेल, कारण त्यांचा पाय अ‍ॅक्सिलेटरवर असतो. पुरंदरमध्ये अंजिराच्या बागेत फवारणी करणाऱ्याला मात्र ते किरकोळ राहत नाही. एचटीपी, म्हणजे जास्त दाबाचा फवारणी पंप, पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद बाहेरच्या यंत्राला देणाऱ्या ट्रॅक्टरच्या फिरत्या शाफ्टवर, चालतो. पीटीओचा प्रमाणित वेग मिनिटाला ५४० फेरे असतो आणि तो हातरेसने एकदा लावून तसाच टिकावा, अशी अपेक्षा असते. रेस उतरली की पंपाचा दाब उतरतो, नोझलमधून धुक्याऐवजी मोठे थेंब पडू लागतात आणि तांबेऱ्यासाठी मारलेले औषध पानाच्या खालच्या बाजूला, म्हणजे जिथे ते खरोखर लागायला हवे तिथे, पोहोचतच नाही. मळणी यंत्र किंवा पीटीओवरचा जनरेटर चालवणाऱ्यांनाही हा अनुभव असेल.

इथे यंत्राची एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण पुढची सगळी दुरुस्ती तिच्यावर उभी आहे. डिझेल ट्रॅक्टरचा रेसचा दांडा पेट्रोलच्या गाडीप्रमाणे हवेची झडप उघडत नाही. तो डिझेल पंपातल्या गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगवरचा ताण ठरवतो, म्हणजेच इंजिनाने कोणता वेग धरायचा ते गव्हर्नरला सांगतो. लोड वाढला की गव्हर्नर आपोआप डिझेल वाढवतो आणि लोड उतरला की कमी करतो. पण ही स्प्रिंग आणि परतीची स्प्रिंग मिळून दांड्याला सतत मंद वेगाच्या दिशेने ओढत असतात. म्हणून दांड्याच्या बुडाशी घर्षणाच्या चकत्या, त्यांना दाबून धरणारी स्प्रिंग आणि नट असतो. तो दाब कंपाला आणि स्प्रिंगच्या ओढीला पुरून उरला, तरच दांडा लावलेल्या जागी थांबतो.

आमच्याकडे, आणि मला वाटते जवळजवळ सगळीकडेच, यावर पहिला इलाज होतो तो टायरच्या ट्यूबची पट्टी कापून दांडा डॅशबोर्डला बांधण्याचा. फवारणी त्याने कशीबशी उरकते. पण पीटीओच्या शाफ्टमध्ये कोणाचा कपडा अडकला, तर रेस झटकन खाली आणता आली पाहिजे, आणि त्या वेळी रबराची गाठ सोडत बसणे कोणाच्याही जिवावर बेतू शकते. ज्यांच्या ट्रॅक्टरवर आज अशी पट्टी बांधलेली आहे, त्यांनी ती काढून टाकावी आणि दुरुस्ती होईपर्यंत पीटीओचे काम थांबवावे, असे मी कळकळीने सांगतो.

दुसरा इलाज वेल्डिंगचा. रस्त्याकडेच्या वेल्डिंगच्या दुकानात दांड्याचा डोळा (टोकाचे भोक) तो ज्यावर बसतो त्या शाफ्टला थेट जोडून मिळतो आणि त्याला पैसेही नाममात्र पडतात. परंतु असे केल्यावर तो भाग पुन्हा कधीही सुटा करता येत नाही, आणि मुख्य म्हणजे झीज नुसती त्या जोडात नसतेच. ज्या ब्रॅकेटमध्ये शाफ्ट फिरतो ते ब्रॅकेट बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, आहे. बिडात कार्बनचे प्रमाण दोन टक्क्यांच्या वर असते. साध्या रॉडने, आधी न तापवता त्यावर वेल्डिंग केले, तर टाक्याच्या कडेची धातू झपाट्याने थंड होऊन कडक आणि ठिसूळ बनते आणि तिथूनच तडा जातो. तिसरा इलाज नवा दांडा विकत आणण्याचा. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी केली, तेव्हा दाखवलेला दांडा पत्र्याने पातळ होता आणि त्याच्याबरोबर ब्रॅकेट मिळत नव्हते. झिजलेल्या भोकात नवा दांडा बसवून काय साधणार, हा प्रश्न उरतच होता.

रामटेकडीला मी फक्त दांडा पिशवीत घालून गेलो नाही, कारण पाठवणाऱ्या मिस्त्रींनी सगळी जोडणी उतरवून नेण्याची ताकीद दिली होती. त्या ताकिदीचे महत्त्व तिथे पोहोचल्यावर कळले. वर्कशॉपचे टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे कारागीर, साठीच्या पुढचे आहेत. समोर कोणी लेथच्या पत्र्यावर एकच सुटा भाग ठेवला, तर ते कामाला हातच लावत नाहीत. माझ्या आधी आलेल्या एका तरुणाला ते म्हणाले, “दादा, नुसता दांडा काय दाखवता? तो ज्याच्यात फिरतो ते आणा. दुखणं तिथं असतं.” त्या तरुणाला परत जावे लागले आणि तो नाराजही झाला. तरी माझ्या मते या वर्कशॉपची खरी किंमत याच आग्रहात आहे.

त्यांनी सर्व भाग केरोसीनमध्ये धुऊन, पुसून, ओळीने मांडले आणि एकाही भागावर हत्यार चालवण्याआधी प्रत्येक जागेचे माप घेतले. शाफ्ट मूळ अर्ध्या इंचाचा, म्हणजे त्यांच्या भाषेत चार सुताचा, मिलिमीटरमध्ये १२.७. वरच्या टोकाला तो जवळपास तेवढाच भरला, पण ब्रॅकेटच्या खालच्या कडेपाशी मायक्रोमीटरने १२.२ दाखवले. तिथे शाफ्टवर एक पायरी तयार झाली होती, नखाला सहज लागणारी. मग त्यांनी ब्रॅकेटच्या भोकात एका ड्रिल बिटाचा मागचा गोल भाग सरकवला आणि ब्रॅकेट खिडकीच्या उजेडासमोर धरून मला आत पाहायला सांगितले. एका अंगाला बिट भोकाला टेकलेला होता आणि समोरच्या अंगाला चंद्रकोरीएवढी उजेडाची फट दिसत होती. भोक आडव्या मापात १२.८ आणि उभ्या मापात १३.६ होते. स्प्रिंगची ओढ कायम एकाच दिशेला असल्यामुळे भोक सर्व बाजूंनी सारखे न झिजता एका अंगाने लांबट होत गेले होते. झीज कोणत्या बाजूची आहे हे पाहून ओढ कुठून येते ते त्यांनी सांगितले, आणि ट्रॅक्टर समोर नसताना ते अचूक सांगितले.

लांबट भोकाचा हा मुद्दा दुरुस्तीत फार महत्त्वाचा ठरतो. घाईत काम करणारा माणूस अशा भोकात सरळ मोठे ड्रिल घालतो. ड्रिल आधीच्या भोकाचा माग काढत जाते, झिजलेल्या बाजूला कलते, आणि नवे भोक गोल झाले तरी मूळ मध्यापासून सरकलेले राहते. मग शाफ्ट तिरका बसतो, खालचा आर्म डिझेल पंपाकडे जाणाऱ्या सळईशी काटकोनात येत नाही आणि नवे बुश (भोकात बसवलेली, शाफ्टला आधार देणारी नळी) पुन्हा एका अंगाने झिजू लागते. इथे ब्रॅकेट चार जबड्यांच्या चकमध्ये (लेथच्या पकडीत) बांधले गेले, बाहेरच्या न झिजलेल्या गोलाईवर डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारे मापक) लावून चारही जबडे पुन्हा पुन्हा सैल-घट्ट करत मूळ मध्य शोधला गेला, आणि त्यानंतर बोअरिंगच्या हत्याराने भोक १६ मिलिमीटरपर्यंत वाढवले गेले. मध्य शोधायला प्रत्यक्ष कातण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. मी शेजारी उभा होतो. डायलचा काटा शेवटी जवळजवळ स्थिर झाला, तेव्हाच त्यांनी लेथचा वेग वाढवला.

बुश गनमेटलचे केले. गनमेटल म्हणजे तांबे, कथील आणि थोडे जस्त यांचा मिश्रधातू. तो पोलादी शाफ्टवर चांगला फिरतो आणि शाफ्टपेक्षा मऊ असल्यामुळे झीज स्वतःवर घेतो. पुढच्या वेळी बदलायचे ते फक्त बुश, ही त्यामागची योजना. बुश बाहेरून किंचित जास्त मापाचे ठेवून बाकाच्या पकडीत दाबून बसवले आणि दाबल्यावर ते आतून आवळते म्हणून आतले माप शेवटी रिमर (भोक अचूक मापाला आणणारे हत्यार) फिरवून घेतले. आतल्या बाजूला वंगणासाठी एक उथळ खाच काढली. शाफ्ट नवा कातला, ईएन ८ या मध्यम कार्बनच्या पोलादाचा, आणि मापाने पुन्हा अर्धा इंचच. मी विचारले होते की बाजारात १२ मिलिमीटरची तयार सळई मिळते, ती चालणार नाही का. त्यावर त्यांनी काही न बोलता ती सळई नव्या बुशमध्ये घालून हलवून दाखवली. इंच आणि मिलिमीटरमधला तो ०.७ चा फरक पुन्हा तेवढीच खडखड घेऊन येणार होता. या ट्रॅक्टरचा मूळ आराखडा ब्रिटिश असल्यामुळे जुन्या भागांची मापे आणि आटे इंचांतच आहेत, आणि त्यावर मेट्रिक नट जबरदस्तीने चढवल्यामुळे आटे गेलेले कितीतरी भाग त्यांच्याकडे येतात.

आता ज्या भागासाठी हा अभिप्राय मुख्यतः लिहावासा वाटला, तो घर्षणाच्या चकत्यांचा. हातरेसच्या दुरुस्तीत दोन विरुद्ध गुण एकाच ठिकाणी हवे असतात. बुशमध्ये शाफ्ट मोकळा, पण जराही न डगमगता फिरला पाहिजे, आणि त्याच शाफ्टवरचा दांडा मात्र सोडू तिथे अडला पाहिजे. टर्नर म्हणाले, “आत तेल पाहिजे आणि वर कोरडं पाहिजे. लोक दोन्हीकडं ग्रीस भरतात, मग दांडा घसरतो.” आमच्या ट्रॅक्टरवर अगदी हेच झालेले होते. जुन्या चकत्या ग्रीसने माखून काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या आणि त्यांना दाबणारी स्प्रिंगही बसून आखूड झाली होती. अशा वेळी नट कितीही आवळला तरी काही काळाने दांडा पुन्हा सरकतो, आणि फार आवळला तर तो इतका जड होतो की हाताने हलवणेच कठीण जाते.

नव्या चकत्या त्यांनी ब्रेक लायनरच्या पट्टीतून कापल्या. पट्टी नवी होती आणि अ‍ॅस्बेस्टॉसविरहित असल्याची खात्री त्यांनी स्वतः करून घेतली होती, कारण पूर्वीच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांसाठी घातक असते. घरी जुने लायनर कापून चकत्या करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. बुशच्या वरच्या कडेला त्यांनी फेल्टची एक पातळ कडी बसवली, म्हणजे खालचे वंगण वर चढून चकत्यांपर्यंत पोहोचू नये. ही कडी मूळ रचनेत नव्हती. मला तरी ती या संपूर्ण कामातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते, आणि तिच्यासाठी त्यांनी वेगळे पैसे लावले नाहीत. स्प्रिंग नवी, नट दुहेरी, म्हणजे एकाने दाब ठरवायचा आणि दुसऱ्याने पहिल्याला सुटू द्यायचे नाही.

सळईच्या टोकांचे बॉल जॉइंट मात्र त्यांनी दुरुस्त करायला नकार दिला. ते दुरुस्त करण्यात अर्थ नाही, बाजारातून नवे आणा, असे सांगितले, आणि ते बरोबरच होते. प्रत्येक जोडात अर्धा मिलिमीटर ढिलाई धरली तरी दांड्यापासून पंपापर्यंत चार जोडांची मिळून दोन मिलिमीटर होते, आणि पंपाच्या आर्मची एकूण हालचालच थोडी असल्यामुळे तेवढ्यातही इंजिनाचा वेग जाणवण्याइतका बदलतो. पंपावरच्या कमाल वेगाच्या स्क्रूला सील असते. त्याला हात लावायचा नाही, सळईची लांबी मात्र दांडा वर आणि खाली पूर्ण गेल्यावर पंपाचा आर्मही दोन्ही टोकांना टेकेल अशी जुळवायची, ही सूचना त्यांनी निघताना दिली.

जोडणी आमच्या मिस्त्रींनी घरी केली. पायाचे अ‍ॅक्सिलेटर हातरेसच्या वर वेग नेते आणि पाय उचलल्यावर इंजिन पुन्हा हातरेसने लावलेल्या वेगावर येते, हे पाहिल्यावरच ट्रॅक्टर बागेत नेला. त्यानंतर झालेल्या फवारण्यांमध्ये एचटीपीच्या दाबमापकाचा काटा ओळीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत जागचा हललेला नाही. दांडा दोन बोटांनी सरकतो आणि सोडला तिथे राहतो. वळणावर रेस उतरवून पुन्हा चढवताना मधे कुठेही पोकळ हालचाल लागत नाही, आणि चालवणाऱ्या गड्याने ही गोष्ट न विचारता सांगितली.

आता उणिवा. सांगितलेल्या वेळेला काम तयार नव्हते आणि फोन उचलला गेला नाही. दिवे घाट उतरून एवढ्या लांब यायचे आणि हात हलवत परत जायचे, हे फवारणीच्या दिवसांत परवडत नाही. बिल कागदाच्या चिठ्ठीवर मिळते. ज्यांना हिशोबासाठी जीएसटीची पावती लागते, त्यांची इथे अडचण होईल. गल्ली इतकी अरुंद आहे की ट्रॅक्टर आत नेताच येत नाही, आणि ते बाहेर येऊन काम करत नाहीत. दांड्याच्या टोकाची फुटलेली मूठ त्यांनी तशीच परत दिली. ब्रॅकेटला रंगाचा हात मारला नाही, त्यामुळे नव्याने उघडे पडलेले बीड गंजू नये म्हणून तो मलाच मारावा लागला.

खर्च बुश आणि बोअरिंगचे ७००, नव्या शाफ्टचे ६५०, चकत्या, स्प्रिंग आणि नट मिळून ३००, असा एकूण १६५० रुपये आला. बॉल जॉइंट त्याहून वेगळे. नुसता नवा दांडा यापेक्षा स्वस्त मिळतो, हे खरे आहे. ज्यांच्या ब्रॅकेटचे भोक अजून गोल आहे आणि फक्त दांडा वाकला किंवा चकत्या गुळगुळीत झाल्या आहेत, त्यांनी इतका खर्च करू नये. त्यांचे काम चकत्या आणि स्प्रिंग बदलून भागेल आणि ते कोणताही चांगला मिस्त्री गावातच करून देईल. शाफ्ट भोकात हाताने हलवल्यावर खडखडत असेल, तर मात्र रामटेकडीला जाण्यावाचून चांगला पर्याय मला तरी दिसत नाही.

जाताना दांडा, शाफ्ट, ब्रॅकेट, खालचा आर्म आणि सळई, सगळे सोबत न्यावे. उतरवण्याआधी सळईवरच्या नटांच्या जागी रंगाने खूण करावी, म्हणजे परत जोडताना लांबी शोधत बसावे लागत नाही. वर्कशॉप गुरुवारी बंद असते. सकाळी लवकर गेल्यास टर्नरांशी निवांत बोलता येते, दुपारनंतर कारखान्यांची कामे सुरू झाली की ते मान वर करत नाहीत.